मगनभाईंना ताण देऊ नका

मला वेगळी चूल हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की रंजना वरून गरीब गाय आणि आतून भलतीच.

लग्न होऊन मी शहाद्याहून कळसाडीला आले, तेव्हा आमच्या फाट्यावर एसटी नुकती थांबायला लागली होती. घर भरलेलं होतं. माझे जेठ मगनभाई, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची बायको, दगूभाभी. त्यांची चार मुलं. माझा नवरा शांतीलाल. भटू नावाचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा गडी, आणि हंगामात कापूस वेचायला येणाऱ्या बाया. कापूस चांगला व्हायचा, केळीची बाग होती, दावणीला बैल होते. कशाची ददात नव्हती. नव्हती ती फक्त शांतता, आणि तिला कारण एकटे मगनभाई.

मगनभाई काळजी करायचे. इतर माणसं शेती करतात तशी ते काळजी करत, पहाटे उठून, मन लावून. विहिरीवर नवं तेलाचं इंजिन बसवलं होतं. रात्रीच्या जेवणाला पहिला घास मोडला की ते इंजिन बंद केलं का म्हणून विचारत, "शांतीलाल, इंजिन बंद करं का?"

"करं, दादा."

दोन घास गेले की, "पक्कं बंद करं?"

"पक्कं."

ताटावरून उठताना, "पन कोनी बंद करं?"

"मीच करं ना, दादा!"

आणि मग हात धुऊन दोघे भाऊ कंदील घेऊन शेतात बघायला जात. आता त्या इंजिनाचा धडधडाट असा, की ते चालू असतं तर अर्ध्या गावाला झोप आली नसती. ते बंद आहे हे घरात बसून बहिऱ्यालाही कळलं असतं. पण हे मगनभाईंना सांगणार कोण? मी तर नाहीच. आमच्यात भावजय जेठासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि तोंड उघडत नाही. मला काही सांगायचं झालं तर मी दाराआड उभी राहून भांड्यांशी बोलायची. भांडं हळू ठेवलं तर हो, आपटलं तर नाही. घरातल्या सगळ्यांना ती भाषा समजायची, जेठांना सोडून.

इंजिन ही त्यांची एकच काळजी असती तर मी मुकाट्यानं संसार केला असता. पण ढवळ्या बैलाच्या खुराची काळजी, कापूस फुटला की ढगांची काळजी, भटू गोठ्याचं दार लावतो की नाही याची काळजी. थोरली लेक तापी नऊ वर्षांची, तिच्या लग्नाची काळजी. एसटीच्या भोंग्यानं बैल बुजतील ही काळजी तर एसटी यायच्या आधीपासून. उत्तर मिळालं नाही की ते ओरडत. ते ओरडले की पोरं रडत, भटू गोठ्यात दडी मारायचा आणि भाभी आमटीत दुसऱ्यांदा मीठ टाकायची. मग आमटी खारट का, म्हणून ते पुन्हा ओरडत.

मी शांतीलालच्या मागे लागले, वेगळं होऊ या. तो स्वभावानं लोण्याचा गोळा. "आखाजीले बोलसू," म्हणायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे शेतकऱ्याचं नवं वर्ष लागतं, जुना सालदार सुटतो, नवा ठरतो, म्हणून जे काही नवं करायचं ते आखाजीला. पण एक आखाजी गेली, आणि शांतीलालनं पुरणपोळी खाण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. तेव्हा मी माझ्या बापाला निरोप धाडला, की पुढच्या आखाजीला मला माहेरी न्यायला याल तेव्हा वाटणीचा विषय तुम्हीच काढा.

त्याआधी, कापसाच्या हंगामात, मगनभाई पडले.

शहाद्याच्या जिनावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, गाड्यांची रांग लागली होती. आमची गाडी मागे होती. आपला नंबर येईतो जिन बंद होईल या काळजीनं ते सकाळपासून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. दुपारी उन्हात घेरी येऊन बसकण मारली ती उठेनात. मी आणि भाभी बाजाराला आलो होतो, आम्हाला बोलावणं आलं. पुण्याकडचे एक नवे डॉक्टर गावात आले होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी दंडाला रबरी पट्टा बांधला, फुगा दाबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि भाभीला म्हणाले:

"बाई, गोळ्या देतो. पण गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं सांगतो ते ऐका. यांना ताण देऊ नका. घरात कुणीच देऊ नका. थोडासुद्धा ताण बसला, तर एक दिवस असेच पडतील ते उठायचे नाहीत."

भाभीनं मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डॉक्टरांचं बोलणं मात्र तिला शब्दन् शब्द कळलं होतं. आमच्या भागात ताण कशाला म्हणतात हे पोराटोरांना ठाऊक असतं. केळीला वेळेवर पाणी मिळालं नाही की ताण बसतो, उसाला बसतो, पानं मलूल पडतात. गाडीतून जाताना नुसत्या नजरेनं भाभी सांगायची की अमक्याच्या बागेला ताण बसलाय.

"बराबर शे," ती मला म्हणाली, "त्यासनी सकायपशीन पानीच पिधं नही!"

आणि ते खरंच होतं. रांग सोडून पाणी प्यायला गेलो तर नंबर जाईल या काळजीनं ते तहानलेलेच फिरत होते. तो डॉक्टर भाभीला फार आवडला. शिकलेला असून शेतकऱ्यासारखं बोलतो, म्हणाली.

मी सातवी पास. मला ताणाचा दुसरा अर्थ माहीत होता. परत येताना बैलगाडीत मी तिच्या कानाला लागले. "भाभी, डॉक्टर पानीनं नही सांगी ऱ्हायंतात. मनना ताण सांगी ऱ्हायंतात."

भाभीनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मनले का मुया ऱ्हातस?"

मनाला मुळ्या असतात का, यावर मी काय बोलणार? तरी म्हटलं, अहो, काळजीचा ताण. तर म्हणाली, "शहादानी पोर तू. तुन्हा बापनं किरानानं दुकान. तू केळं इकत लिधं, लायं नही कवय."

केळी विकत घेणं वेगळं आणि लावणं वेगळं, हे एक वेळ ऐकलं असतं, पण तिनं माझा बाप काढल्यावर माझं डोकं फिरलं. बसा म्हटलं, पाजा पाणी. मी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

दुसऱ्या दिवसापासून घरात कडक कायदा सुरू झाला. उठल्यावर तांब्याभर पाणी. शेतात जाताना, शेतातून आल्यावर, जेवायच्या आधी. आणि सर्वांत महत्त्वाचं, मगनभाईंचा आवाज चढला की ताबडतोब. कारण भाभीचं निरीक्षण असं, की आवाज चढतो तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगतात, म्हणजे अंगातलं पाणी आटलंय.

"ताण बसना!" ती ओरडायची. "पय, पानी लई ये!"

आणि जो जवळ असेल तो धावायचा. पोरांना तर खेळच मिळाला. तापी तांब्या भरून दारामागे टपून बसायची. बापानं "शांतीलाल, इंजिन" एवढं म्हटलं की ही हजर. भटू शेतात पाण्याची कातडी पिशवी खांद्याला अडकवून त्यांच्या मागे मागे हिंडायचा. त्यात त्याचं काम चुकायचं, हेही त्याला सोयीचं होतं.

आता खरी गंमत सांगते. आमच्याकडे तांब्याला ओठ लावत नाहीत, मान मागे टाकून वरून धार सोडतात. मान मागे टाकलेल्या माणसाला बोलता येत नाही. डोळे आढ्याकडे लागलेले असताना समोरच्यावर रागावताही येत नाही. तांब्या रिकामा होईतो प्रश्न विरून जायचा. "मी काय इचारी ऱ्हायंतू?" म्हणून ते आठवायला लागत, तोवर त्यांना कुंपणाकडे जायची घाई व्हायची. परत येईपर्यंत शांतीलाल जेवून झोपलेला असे.

थंडीत सातपुड्याकडून वारा सुटला तरी कायदा मोडला नाही. घोंगडीत गुरफटून, दात वाजवत मगनभाई पाणी पीत. एकदा मात्र चिडले, "अय, मी मानूस शे का केळ शे?"

भाभीच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टरनी सांगं ते इसरी ग्यात का? उठाव नहीत, म्हने."

ते तांब्याभर प्यायले. मरणाची काळजी त्यांना सगळ्यांत जास्त होती. हळूहळू असं झालं, की त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली, "मन्हं पानी व्हयनं का?" त्या एका काळजीनं बाकीच्या सगळ्या काळज्या खाऊन टाकल्या. एका संध्याकाळी इंजिन खरोखरच बंद पडलं, केळी भिजायची राहिली. सगळं घर श्वास रोखून बसलं. मगनभाईंनी शांतपणे भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि म्हणाले, "व्हई सुरू."

पुन्हा शहाद्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फुगा दाबला आणि हसले. "वा! ताण अजिबात दिलेला दिसत नाही."

"एक दिन बी नही, डॉक्टरसाहेब," भाभी म्हणाली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडे वळले.

हसले खरी, पण माझंच घर जळत होतं. एक तर वेगळं होण्याचं माझं कारण संपलं. जो जेठ ओरडत नाही, त्याच्यापासून वेगळं कसं व्हायचं? आणि दुसरं म्हणजे, मगनभाईंनी विचारायचं सोडल्यावर कुणीतरी विचारायला हवंच होतं. भटूनं गोठ्याचं दार उघडं टाकलं, म्हैस शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसली. इंजिनातलं तेल संपलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि एका रात्री माझा लोण्याचा गोळा घास हातात धरून थांबला आणि म्हणाला, "इंजिन बंद करं का?"

मगनभाई तर बोटं चाटत होते. शांतीलाल ताटावरून उठला, कंदील घेतला आणि एकटाच शेतात गेला.

त्यानंतर माझ्या नशिबी काय आलं ते विचारू नका. कडी लावली का? कडी पक्की लावली का? भटू कुठे आहे? आभाळ का आलंय? जणू आभाळ मी आणलं होतं. ज्याच्या अरेला मी कारे म्हटलं तरी जो हसायचा, तो माणूस माझ्यावर खेकसू लागला. मी त्याच्यासमोर तांब्या धरला, तर म्हणाला, "माले काय व्हयनं? डॉक्टरनी मन्हं नाव लिधं का?" मला रडू आलं. मला वेगळी चूल हवी होती ती याच्यासोबत सुखानं दोन घास खायला, आणि आता तर सुखाचा हा माणूसच हातचा चालला होता. म्हटलं, आता वाटणी झालीच पाहिजे. दोघंच राहू, थोडं करू, थोडं खाऊ, म्हणजे हा ताळ्यावर येईल.

आखाजीच्या दोन दिवस आधी माझा बाप मला न्यायला आला. पंच म्हणून गावातले नवलकाका बसले. ओसरीवर घोंगडी अंथरली, मी दाराआड भांडी घेऊन तयार. बापानं पाऊसपाण्याचं विचारून झाल्यावर विषय काढला. शांतीलाल खाली बघत म्हणाला, "दादा, आपीन येगळा व्हई जाऊत."

भाभी तांब्या घेऊन उभीच होती. मी खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की जेठांनी ओरडावं. जुना, घर हादरवणारा आवाज काढावा. तसं झालं असतं तर वाटणी पक्की होती. पण त्यांनी हात पुढे करून तांब्या घेतला, निवांत पाणी प्यायले आणि मिशा पुसत म्हणाले, "बरं."

या "बरं"साठी कुणीच तयार नव्हतं. नवलकाकांच्या हातातली विडी तशीच राहिली.

"पन वाटनी बराबर व्हवाले जोयजे," मगनभाई पुढे म्हणाले. "जमीन अर्धी तुले. कायजी बी अर्धी तुले."

"कायजी?" शांतीलालनं विचारलं.

"कायजी शे ना मन्हापान. बापनी दिधेल शे. ती काय मी एकलाच ठेवू?"

आणि ते बोटं मोडून सांगायला लागले. थट्टा नव्हती त्यात, माणूस कधी थट्टा करायचाच नाही. इंजिनाची काळजी. ढवळ्याच्या खुराची. भटूची. गोठ्याच्या दाराची. एसटीच्या भोंग्याची. नवलकाकांनी आयुष्यभर गावात वाटण्या केलेल्या. त्यांना यात एकदम रस आला. ते पुढे सरसावून बसले आणि कसदार कोणती, हलकी कोणती असं बघू लागले. इंजिनाची काळजी शांतीलाल आधीच वाहत होता, ती त्याच्या नावे झाली. खुराची मगनभाईंकडे राहिली, कारण बैल त्यांचा लाडका. तापीच्या लग्नाची निघाली तेव्हा माझा बाप म्हणाला, "पोर नऊ वर्षांची. ती पडीत राहू द्या."

"आनि ढग?" मगनभाईंनी विचारलं.

नवलकाकांनी विडीचा झुरका घेतला. "इहीर सामाईक शे ना? तसा ढगबी सामाईक ठेवा."

शांतीलाल मनाशी हिशेब करत होता. मी दाराच्या फटीतून त्याचा चेहरा पाहिला आणि पातेलं हातात घेतलं. "दादा," तो सावकाश म्हणाला, "येगळा व्हयनूत तर मन्हं येगळं इंजिन, येगळा सालदार, येगळी दावन. म्हंजे आख्खी कायजी मन्हीच. आठे अर्धीच शे." इथे एकत्र राहिलं तर काळजी निम्मीच, हा हिशेब जुळल्यावर त्यानं मान वर केली, आणि कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. "जमीन ऱ्हाऊ द्या, दादा. कायजीच वाटी लिऊत."

मी पातेलं आपटलं. मग परात आपटली.

"धाकली काही सांगी ऱ्हायनी," नवलकाका म्हणाले.

तोच भाभी उंबऱ्याबाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलायची नाही. म्हणाली, "बठ्ठासनं वाटी व्हयनं. मन्हं ऱ्हायनं." सगळ्यांचं वाटून झालं होतं, तिचंच राहिलं होतं.

"तुले कसानी कायजी, दगू?" काकांनी विचारलं.

"रोज भाजी काय करानी."

सगळे पुरुष हसले, माझा बाप सगळ्यांत मोठ्यानं. भाभी हसली नाही. "हासू नका. लगीन करीसन उनू तवयपशीन दोन येळ हाऊच इचार. उठी तवय आज काय, जोपी तवय सकायले काय. मीठ कमी का शे, हाई बठ्ठा इचारतस. भाजी काय करू, हाई कोनी सांगत नही." आणि दाराच्या फटीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत म्हणाली, "धाकलीले चूल जोयजे ना? आखी तिले दिधी. मी अर्धी बी ठेवत नही."

तिला ठाऊक होतं तर. इतके दिवस मी आपटलेलं एकेक भांडं ती ऐकत होती.

मग ती अंगणात गेली आणि निंबाखालच्या बाजेवर आडवी झाली. भर दिवसा भाभीला आडवी झालेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. काही वेळातच ती तोंड उघडं टाकून घोरायला लागली. घोरणं ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण मला लाज वाटली. एवढी थकलेली बाई माझ्या शेजारी बसून रोज भाकरी थापत होती, आणि मी शेजारी बसून स्वतःच्या चुलीची स्वप्नं बघत होते.

"चल, आवर," माझा बाप म्हणाला. "एसटीची वेळ होते. आखाजीचे झोके बांधलेत आपल्याकडे."

मी अंगणात बघितलं. पोरं भुकेली होऊन तिच्या बाजेभोवती घुटमळत होती. "तुम्ही पुढे व्हा, बाबा," मी म्हटलं. "आखाजीनंतर येईन."

आणि मी स्वयंपाकघरात गेले. सगळी चूल माझी होती, मागितली होती त्याच्या दुप्पट. टोपलीत वांगी होती, पण वांगी कालच झाली होती. डाळ सकाळची. दोडक्यांना मगनभाई नाक मुरडतात, भेंडीला पोरं. मी टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी दारात येऊन विचारलं, "अहो, भाजी काय करू?"

शांतीलालनं पाय लांब केले होते. डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलेल्या माणसासारखा तो प्रसन्न दिसत होता.

"काहीबी कर," तो म्हणाला.

मी हातातलं वांगं त्याच्यावर भिरकावलं. ते नवलकाकांना लागलं. ओसरीवर एकच गोंधळ उडाला, पोरं किंचाळली, भटू धावत आला. भाभीला मात्र जाग आली नाही.